त्रेसष्ट नंबरचा दगड

आकडेबाई मटार सोलत होत्या आणि गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवून होत्या. लक्ष ठेवून होत्या म्हणजे दर चार शेंगांमागे उठून बघून येत होत्या. दूध आपल्या गतीनं तापत होतं, त्याला काही घाई नव्हती. घाई बाईंना होती. कसली, ते विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अगं, बस की जरा एका जागी," त्यांचे यजमान खिडकीतून म्हणाले. म्हणजे खिडकीपाशी मांडलेल्या टेबलावरून. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली, तरी ओळखीचे लोक बंद पडलेली घड्याळं घरी आणून देत, म्हणून गल्लीत ते अजून घड्याळजीच होते. एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "या लंबकाकडे बघ. दिवसभर हलतो, पण जागा सोडतो का कधी?"

"लंबकाला दूध तापवायचं नसतं."

सूनबाई जमिनीवर फतकल मारून बसली होती. आज तिची सुट्टी होती आणि तिच्यापुढे नकाशा, वेळापत्रक आणि पेन्सिल असा सगळा संसार पसरला होता. "आई, सहलीचं नक्की करू या. गाडी सकाळी सहा पन्नासची आहे."

"सहा पन्नास. सहा, पाच, शून्य."

"झालं! बाबा, ऐकलंत? गाडीसुद्धा हजेरी दिल्याशिवाय सुटायची नाही आता."

बाईंना आकडेबाई हे नाव गल्लीतल्या मुलांनी दिलं होतं. पंचवीस वर्षं त्या पुढच्या खोलीत गणिताची शिकवणी घेत होत्या आणि त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येक पोराला एक सवय लागलेली असायची. आकडा ऐकला की तो आधी सुटा करून परत म्हणायचा, मगच लिहायचा. अडुसष्ट? सहा, आठ. एकोणनव्वद? आठ, नऊ. दूधवाल्याला, भाजीवाल्याला, फोनवरच्या माणसाला, कुणालाही यातून सुटका नव्हती. लग्नाच्या बोलणीत व्याह्यांनी पाहुण्यांचा आकडा सांगितला तेव्हाही बाईंनी तो सुटा करून परत म्हटला होता. व्याही बिचारे गोंधळून, आपलं काही चुकलं का, म्हणून आणखी पाच जण कमी करून बसले होते.

दुसरी सवय याहून महाग आणि दमवणारी होती. बाईंच्या पायाला भिंगरी होती आणि ती फक्त पडक्या जागांकडेच फिरायची. कुणी समुद्रावर जातं, कुणी थंड हवेला. या घरानं मात्र गेल्या वीस-बावीस वर्षांत देशातला एकही पडका किल्ला, ओसाड नगर, बुजलेला हौद किंवा छप्पर उडालेला महाल सोडला नव्हता. मुलगा लहानपणी कंटाळून म्हणायचा, आपण एखाद्या वेळी न पडलेलं काही बघायला जाऊ या का? आणि तिथं जाऊन बाई काय करायच्या? बाकीचे लोक मान वर करून घुमट बघत, फोटो काढत, सावली शोधत. बाई भिंतीला नाक लावून उभ्या. दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवत जायच्या. वेल कोरलेला असला तर या दगडावरचं देठ पुढच्या दगडावर बरोबर जाऊन मिळतं का, ते बघायच्या. मिळालं की चेहरा पडायचा. कुठं नाही मिळालं, की डोळ्यांत चमक यायची आणि त्या तिथून हलायच्या नाहीत.

"आई सहलीला जात नाहीत," सूनबाई मैत्रिणींना सांगायची, "तपासणीला जातात."

तिनं नकाशावर पेन्सिल टेकवली. "यावेळी मात्र मी एक ऐकणार नाही. अख्खा देश पालथा घातला आणि इथून दोन तासांवरचा मोठा दरवाजा राहिला. परदेशातून लोक येतात तो बघायला! माझ्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिलाय. मला विचारतात, तुझी सासू पडक्या जागांची एवढी वेडी आणि तो कसा नाही पाहिला?"

"तिथं काय आहे बघण्यासारखं? एक दरवाजा आणि भोवती गवत." बाई उठून दूध बघून आल्या.

"दर वेळी हेच. आधी म्हणे ऊन असतं. मग म्हणे बस धड नाही. मागच्या वेळी तर म्हणालात, तिथं माश्या फार."

घड्याळजी भिंगामागून हसले. "अगं, तू कशाला डोकं फोडतेस? हिचा आणि त्या दरवाजाचा छत्तीसचा आकडा आहे."

बाईंच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे टणाटण उडाले. दोन सूनबाईच्या नकाशावर गेले, एक घड्याळजींच्या उघड्या घड्याळात. आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक पंचवीस-सव्वीसची मुलगी उभी होती. पायांत धुळीनं माखलेले बूट, खांद्यावर पिशवी, काखेत कागदाची लांब गुंडाळी. ती पुराणवस्तू खात्यातून आली होती आणि तिला धाप लागली होती.

"मोठ्या दरवाजाचं काम झालं होतं ना, तीसेक वर्षांपूर्वी? तेव्हा दगडांवर नंबर घालायला ज्या बाई होत्या, त्या इथंच राहतात का?"

घड्याळजींनी भिंग काढलं. सूनबाईनं मान वर केली. आणि इतका वेळ डोळ्यांत तेल घालून राखलेलं दूध भसकन उतू गेलं.

*

चहा झाला, ओटा पुसून झाला, तरी बाई बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच राहिल्या. मुलगी सांगत होती.

दरवाजापाशी लोकांसाठी नवी माहितीची पाटी लागायची होती. जुन्या कामाची हकिकत तिच्यावर थोडक्यात द्यायची. त्या कामावरचे साहेब केव्हाच वारले. कामगारांच्या यादीतली दोनच माणसं हयात सापडली, एक मिस्त्री आणि दुसऱ्या तुम्ही. काम सोपं आहे. फाइलीत सगळं लिहिलेलंच आहे, फक्त कुणा माहीतगारानं ते बरोबर आहे अशी सही दिली की झालं. पाटी कोरायला उद्या जायची.

"इथं खाली सही," मुलगी म्हणाली आणि तिनं कागद पुढं केला.

बाईंनी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. कागदावर साताठ ओळी होत्या. दरवाजा किती जुना, किती उंच, कुणी बांधला असावा. शेवटची ओळ अशी: "पुनर्बांधणीच्या वेळी मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे दोन शिळांची जागा चुकली व एक शिळा तासली जाऊन कायमची बिघडली."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"हे कोरणार?"

"हो, धातूवर. म्हणजे पन्नास-साठ वर्षं तरी चिंता नाही."

"मिस्त्रींना विचारलंत?"

"त्यांचं काय विचारायचं, काकू? ते कशाला कबूल करतील?" मुलगी अगदी सहज म्हणाली. वाईट नव्हती ती, फक्त घाईत होती.

बाईंनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. टोपण परत लावलं. "मी आधी बघते," त्या म्हणाल्या. "बघितल्याशिवाय सही कशी करू? तुमच्याकडे गाडी आहे?"

घड्याळजी आणि सूनबाई एकमेकांकडे बघत राहिले. ऊन, बस, माश्या, सगळं एका दमात बारगळलं होतं. "मीपण येणार," सूनबाई म्हणाली आणि चपला शोधायला लागली. बाई केव्हाच जिन्यात पोचल्या होत्या. मागून घड्याळजी ओरडले, "अगं, सातच्या आत परत ये!" पण त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंनी आकडा परत म्हटला नाही.

*

जीपमध्ये बाई मधल्या सीटवर बसल्या, मग खिडकीशी सरकल्या, मग काच खाली केली, मग वर केली. सूनबाईनं दोनदा पाणी पुढं केलं, दोनदा त्यांनी ते हातात धरून तसंच परत दिलं. रस्ता बदलला होता. पेट्रोल पंप नवे होते, दुकानं नवी होती. पण वळणं तीच होती.

तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, नुकत्याच पदवी घेतलेल्या. झाडांची मुळं सांध्यांत शिरून दरवाजा एका अंगाला कलला होता. तो दगड दगड करून उतरवायचा, पाया पक्का करायचा आणि जसाच्या तसा परत उभा करायचा, असं ते काम. नकाशात खालच्या थरापासून वर प्रत्येक दगडाला नंबर दिलेला होता. मिस्त्री नकाशा घेऊन वर परांचीवर. दगड दोरानं खाली आला की तो वरून नंबर पुकारायचा आणि खाली बाई दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं तो लिहायच्या.

मिस्त्रीची एक रीत होती. वरून पुकारलेला आकडा खालच्यानं सुटा करून परत म्हणायचा. "त्र्याण्णव!" "नऊ, तीन!" असं ऐकू आलं की मगच तो पुढच्या दगडाला हात घालायचा. चार दिवस बाईंनी म्हटलं. पाचव्या दिवशी साहेबांचे पाहुणे काम बघायला आले होते, त्यांच्यातलं कुणीतरी हसलं आणि बाईंचं डोकं फिरलं.

"मी पदवीधर आहे, मिस्त्री. मला बालवाडीतल्यासारखं आकडे म्हणायला लावू नका."

सगळे कामगार खो खो हसले. वरून मिस्त्री म्हणाला, "आकडा पदवीला भीत नाही, बाई." आणि सगळे पुन्हा हसले, यावेळी बाईंना.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. तो नुसता पुकारायचा, या नुसत्या लिहायच्या. चहाच्या वेळी तो उन्हात बसला तर या सावलीत, तो सावलीत आला तर या उन्हात. "यांचा छत्तीसचा आकडा," कामगार म्हणायचे, आणि ते म्हणताना कुणाच्या मनातही नव्हतं की गोष्ट खरंच त्या आकड्यापाशी येऊन थांबेल.

एका सकाळी वरून आवाज आला, "त्रेसष्ट!" त्रेसष्ट म्हणताना तोंडात आधी तीन येतो आणि लिहिताना मात्र आधी सहा लिहायचा असतो. बाईंच्या कानानं तीन ऐकला आणि हातानं तीन लिहिला. मग राहिलेला सहा. ३६. रंग वाळला, दगड शेजारच्या शेतात, उतरवलेल्या दगडांच्या रांगेला जाऊन बसला. परत म्हणायची रीत असती तर "तीन, सहा" ऐकून मिस्त्री वरून खेकसला असता आणि अर्ध्या मिनिटात सगळं मिटलं असतं.

*

दरवाजा जितका आठवत होता त्याहून मोठा होता. कमानीखाली लोकांची ये-जा चालली होती. कुणी हात पसरून फोटो काढत होतं, कुणी पायरीवर बसून बुटातले खडे झटकत होतं. एक वाटाड्या दहा-बारा जणांच्या घोळक्याला रंगात येऊन सांगत होता, "आता इकडे बघा, मंडळी. सगळ्या दरवाजावर पक्ष्यांच्या जोड्या आहेत, चोचीला चोच लावून. पण या थरातली एक जोडी बघा. दिसली? पाठीला पाठ! कोरणारे दोघे सख्खे भाऊ होते, काम चालू असताना भांडले आणि रागारागात दोघांनी..."

"अय्या!" घोळक्यातली एक बाई म्हणाली.

"आणि तशीच एक वरच्या थरात. ही दुसऱ्या भावाची."

आकडेबाई पुढं झाल्या. भिंतीपाशी जाऊन त्यांनी टाचा उंचावून वरच्या थरावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. बोट आपोआप सांध्यावर गेलं. इतकी वर्षं देशभर त्यांनी जी चूक शोधली होती, ती बोटाखाली आली. दोन बोटं रुंदीची एक पट्टी, जिथं जुन्या दगडावर छिन्नीचे नवे टोचे होते. पक्ष्याच्या शेपटीचं टोक त्यात गेलं होतं.

सूनबाई मागं येऊन उभी राहिली. ती शेपटीकडं बघत होती, मग बाईंच्या बोटाकडं, मग बाईंच्या तोंडाकडं. ती हुशार होती.

"आई, भाऊबिऊ काही नव्हते ना?"

"नाही."

खात्यातली मुलगीही येऊन पोचली होती. तिच्या हातात कागद होता. बाई तिच्याकडं न बघता दगडाशी बोलावं तसं बोलायला लागल्या.

"त्रेसष्टच्या जागी मी छत्तीस लिहिला. आठ दिवसांनी खरा छत्तीस खाली आला, त्यावरही छत्तीस लिहिला. लिहिताना हाताला आकडा ओळखीचा वाटला. संध्याकाळी रांगेत जाऊन बघितलं तर छत्तीस दोन आणि त्रेसष्ट एकही नाही. दोन्ही दगड सारखे दिसायचे. नकाशात नुसत्या चौकटी होत्या, पक्षी कुणी काढलेच नव्हते. मिस्त्रींना विचारलं असतं तर त्यांनी लांबूनच सांगितलं असतं, कुठला वरचा ते. पण आमचं बोलणं बंद. साहेबांना सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा पदवीधर." त्या थांबल्या. "मग मी अंदाजानं एकावरचा आकडा पुसला आणि त्यावर त्रेसष्ट लिहिला. अंदाज चुकला."

"आणि मिस्त्री?" मुलीनं विचारलं.

"त्यांनी नंबराप्रमाणं बसवला. बसेना, म्हणून तासला. साहेब आले, बघितलं आणि भडकले. मिस्त्री म्हणाले, नंबर चुकलाय. साहेबांनी माझ्याकडची नंबरांची यादी मागवली. यादीत सगळं बरोबर होतं, मीच तर नीट केली होती." बाईंनी हात मागं घेतला. "मी तिथंच उभी होते. हातात ब्रश होता. मूग गिळून उभी होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. मला साहेबांनी शाबासकी दिली, यादी स्वच्छ ठेवली म्हणून."

घोळका पुढं सरकला होता. वाटाड्याचा आवाज कमानीत घुमत होता.

"म्हणून आपण सगळा देश फिरलो?" सूनबाई हळूच म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी चुकलंय का, ते बघायला?"

"हो."

"सापडलं?"

"सात ठिकाणी. पण कुठंही बरं वाटलं नाही."

सूनबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. यावेळी बाई प्यायल्या.

*

मिस्त्रीचं घर दरवाजापासून हाकेच्या अंतरावर होतं, गवताच्या पलीकडे. अंगणात ओट्याचे दगड, उंबरे, पायऱ्या रचून ठेवल्या होत्या. मिस्त्री मांडी घालून एका फरशीची कड गोल करत होता. केस पांढरे झाले होते आणि त्यांत दगडाची भुकटी होती, त्यामुळं कुठं केस संपतात आणि कुठं काम सुरू होतं ते कळत नव्हतं. त्यानं तिघींकडे बघितलं. छिन्नी थांबली नाही.

"बसा," तो म्हणाला. "उंबऱ्यावर नको, गिऱ्हाइकाचा आहे."

मुलगी आणि सूनबाई पायरीवर बसल्या. बाई उभ्या राहिल्या.

"मिस्त्री," त्या शेवटी म्हणाल्या, "मला ओळखलं का?"

"उभं राहण्यावरून ओळखलं. तेव्हाही तुमचा पाय जागेवर ठरत नव्हता."

"त्रेसष्ट नंबर माझ्याकडून चुकला होता."

छिन्नी थांबली. मिस्त्रीनं फुंकर मारून भुकटी उडवली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"पुसलेल्या रंगाखाली छत्तीस दिसत होता, बाई. आंधळा थोडाच होतो? दगड परांचीवर आला तेव्हाच कळलं, हा इथला नाही."

"मग तुम्ही..." बाई एक पाऊल पुढं आल्या. "मग विचारलं का नाही मला?"

"तुम्हाला विचारायचं? तुम्ही पदवीधर." मिस्त्री हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "म्हटलं, बाईंनी लिहिलाय ना त्रेसष्ट, मग त्रेसष्टच. बसतो कसा नाही बघू. माझंही डोकं तापलेलं. घेतली छिन्नी आणि मारली. पहिला टोचा बसला आणि शेपटी उडाली, तेव्हा भान आलं. तोवर खेळ खलास."

अंगणातली कोंबडी फरशीवर चढून परत उतरली.

"नंतर जुन्या दगडाला कुणी हात लावू दिला नाही मला," मिस्त्री म्हणाला. "ओट्याचे दगड चांगलेच असतात. लोक त्यांवर भाज्या चिरतात. पण ते वेगळं काम."

बाई एव्हाना हलत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणावं इतक्या स्तब्ध उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या एकट्याच अपराधी होत्या. आता त्यात वाटेकरी निघाला होता आणि तरी ओझं तसूभरही हललं नव्हतं.

खात्यातल्या मुलीनं घसा साफ केला. तिला कागद उद्या द्यायचा होता. "ते दोन दगड आता परत अदलाबदल करता येणार नाहीत," ती म्हणाली. "पुन्हा उघडलं तर वरचा भार सुटेल. पण पाटी बदलता येईल. मी ती ओळ खोडते." तिनं गुडघ्यावर कागद ठेवून नवी ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. "पुनर्बांधणीच्या वेळी नोंद घेणाऱ्या बाईंच्या चुकीमुळे शिळा क्रमांक छत्तीस व त्रेसष्ट यांची अदलाबदल झाली. चालेल?"

"चालेल," बाई लगेच म्हणाल्या.

"नाही चालणार," मिस्त्री म्हणाला. "तासली कुणी? आपोआप तासली गेली? मिस्त्रीनं तासली, तेही लिहा. केलं ते केलं. फक्त हलगर्जीपणा नको. मी रागानं मारली ती छिन्नी. राग वेगळा, हलगर्जीपणा वेगळा. हलगर्जी काम मी जन्मात केलं नाही."

मुलीनं ओळ पुन्हा लिहिली. पुन्हा वाचली. मग तिनं कागद मिस्त्रीपुढं धरला. "तुम्हीही एकदा बघा ना."

मिस्त्रीनं कागद घेतला. आडवा धरला, मग उभा केला. त्याची नजर ओळींवरून कुठंही न अडता, न थांबता निघून गेली, कोऱ्या भिंतीवरून जावी तशी. मग त्यानं कागद जपून परत दिला.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला.

बाईंना तेव्हा आठवलं. परांचीवरचा नकाशा. नुसत्या चौकटी आणि नुसते आकडे. साहेबांच्या चिठ्ठ्या मिस्त्री नेहमी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि त्याबद्दल पोरं त्याची थट्टा करायची. त्याला फाइलीतलं काही कधी स्वतः वाचता आलंच नव्हतं. त्याच्याबद्दल काय लिहिलंय, ते दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून त्याला ऐकावं लागलं होतं. आणि आता ती पाटी त्याच्या अंगणापासून हाकेवर उभी राहणार होती.

"पाटीवर आकडे अक्षरांतच का?" बाईंनी विचारलं.

"तशी पद्धत आहे खात्याची," मुलगी म्हणाली. "अक्षरांत लिहिलं की चूक होत नाही."

सूनबाईला हसू आलं, तिनं ते दाबलं. मुलीनं कागद बाईंपुढं धरला, पेन दिलं. बाईंनी ओळ स्वतः एकदा वाचली, मग सही केली. टोपण लावून पेन परत दिलं.

"आणखी काही, काकू?"

"एवढंच करा," बाई म्हणाल्या. "ते दोन नंबर अक्षरांत नको, आकड्यांत लिहा. मिस्त्रींना आकडे वाचता येतात."